इको साउंडर एक सांगतो, जाळं दुसरं: कोकणच्या समुद्रात मासळी कशी मोजायची

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी ते वेंगुर्ला या पट्ट्यात, 10 ते 60 मीटर पाण्यात, भाड्याच्या लाकडी ट्रॉलरवरून इको साउंडर (पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र) आणि चाचणी मासेमारी अशा दोन्ही पद्धतींनी मासळीचा साठा मोजायचा आहे. बोटीवरचा फिश फाइंडर चालेल का? आखणी कशी करायची? आणि ध्वनीचा आकडा जाळ्याच्या आकड्याच्या तिप्पट-चौपट आला तर खरा कुठला मानायचा?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची सगळी आखणी त्याच्यावरच बेतावी लागते. हे दोन आकडे एकाच पाण्याचे नसतात. तळाचा ट्रॉल जमिनीपासून वरचं काही मीटर पाणी गाळतो, त्याच्या वरचं सगळं त्याच्या डोक्यावरून निघून जातं. इको साउंडरला याच्या उलट, तळालगतचा अर्धा-एक मीटर ऐकूच येत नाही, कारण तळाचा प्रतिध्वनी इतका जोरदार असतो की त्याला चिकटून असलेला मासा त्यात बुडून जातो. वरचे चार-पाच मीटरही त्याच्या हिशेबाबाहेर. त्यामुळे आकडे जुळले नाहीत तर दचकू नका. पण दोन्हींची सरासरी काढून अहवालात टाकू नका, ती कुठल्याच पाण्याची नसते. कुठली जात ध्वनीने मोजायची आणि कुठली जाळ्याने, हे बोट बंदरातून सुटण्याआधी ठरलं पाहिजे.

ते ठरतं माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर. ज्या माशाला ही पिशवी असते त्याच्याकडून परत येणाऱ्या ध्वनीपैकी नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त भाग एकट्या पिशवीचा असतो, कारण पाणी आणि हवा यांच्यात ध्वनीला जेवढा फरक जाणवतो तेवढा पाणी आणि मांस यांच्यात जाणवत नाही. घोळीच्या पोटातली पिशवी सोन्याच्या भावाने विकली जाते ती हीच. तारली, बांगडा, धोमा, राणीमासा यांना ती असते. बोंबलाला नसते, आणि त्याचं अंगही पाण्यासारखंच मऊ. म्हणून रायगड-पालघरच्या समुद्रात बोंबील इको साउंडरने मोजायला निघणं म्हणजे दिवस आणि डिझेल वाया घालवणं. तिथे डोलजाळ्याची (खुंटांना बांधून प्रवाहात उभ्या केलेल्या जाळ्याची) नोंदच कामाची. मुशी, माकूळ, कोळंबी यांचंही तसंच. लेप्याला तर पिशवी नाही आणि वर तो तळाला चिकटलेला, म्हणजे दोन्हीकडून गेला.

तेव्हा तुमच्या पट्ट्यात तारली आणि बांगडा ध्वनीने मोजा. लेपा, कोळंबी, माकूळ, मुशी जाळ्याने. राणीमासा, धोमा आणि वाकटी यांच्यासाठी दोन्ही आकडे लागतात, आणि ते शेजारी शेजारी वेगळे छापावेत.

आता फिश फाइंडर. मोजणीसाठी तो चालणार नाही. आपल्या बोटींवर सहसा 50 आणि 200 किलोहर्ट्झचे असतात. ते चित्र चांगलं दिसावं म्हणून आवाजाची पातळी स्वतःच कमी-जास्त करतात, कच्चा डेटा साठवत नाहीत, आणि पडद्यावरचा लाल ठिपका म्हणजे किती डेसिबल हे त्यातून काढता येत नाही. जाळं कुठे सोडायचं हे तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) सांगायला मात्र तो उत्तम आहे. मोजणीला शास्त्रीय स्प्लिट-बीम, म्हणजे ध्वनीचा झोत (बीम) चार भागांत ऐकणारा, इको साउंडरच हवा. आणि तो चालू असताना बोटीचा फिश फाइंडर बंद ठेवायचा. दोन्ही चालू राहिले तर चित्रावर तिरप्या ठिपक्यांच्या रांगा उमटतात आणि तो दिवसभराचा डेटा साफ करण्यात आठवडा जातो.

वारंवारता निवडताना परदेशी नियमावलीचं आंधळं अनुकरण करू नका. जगभर 38 किलोहर्ट्झ हे प्रमाण मानलं जातं, पण ते खोल पाण्यासाठी ठीक. आपल्या कोमट पाण्यात, 28 अंश तापमान आणि 35 क्षारता धरली तर ध्वनीचा वेग सेकंदाला 1540 मीटरच्या आसपास येतो. म्हणजे 38 किलोहर्ट्झची तरंगलांबी चार सेंटिमीटर. सात अंशांच्या बीमचा ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग) सुमारे 45 सेंटिमीटर व्यासाचा असतो. व्यासाचा वर्ग भागिले तरंगलांबी, म्हणजे पाच मीटरपर्यंत बीम नीट आकारालाच आलेला नसतो. भरवशासाठी याच्या दुप्पट अंतर सोडायचं असतं, म्हणजे दहा मीटर. 12 मीटर पाण्यात त्यातून उरतं काय? 120 किलोहर्ट्झच्या तशाच बीमचा ट्रान्सड्यूसर साधारण 18 सेंटिमीटरचा, त्याचं हेच अंतर दुप्पट करूनही पाच मीटर भरतं. म्हणून 30 मीटरच्या आतलं पाणी 120 वर मोजा, बाहेर 38 मुख्य ठेवा, आणि दोन्ही कायम एकत्र चालवा. दोन्ही चालवण्याचा दुसरा फायदा असा की जवळ्याचे ढग 120 वर ठळक आणि 38 वर फिकट दिसतात, तर पिशवीवाला मासा दोन्हींवर जवळपास सारखा दिसतो. जवळा तारली म्हणून मोजला जाणं ही कोकणात सहज होणारी चूक याने पुष्कळशी टळते.

लाकडी ट्रॉलरच्या तळाला भोक पाडून ट्रान्सड्यूसर बसवायला मालक तयार होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. बोटीच्या बाजूला, नाळेपासून साधारण एकतृतीयांश अंतरावर, जाड लोखंडी नळीला प्लेट लावून ट्रान्सड्यूसर पाण्याखाली दीड-दोन मीटर उतरवा. नळीला पुढून आणि मागून तारेचे ताण हवेतच. ताण सैल असले की सात-आठ नॉटला (ताशी सात-आठ सागरी मैल) नळी थरथरते, आणि ती थरथर चित्रात पावसासारखी दिसते. पंख्याच्या जवळ बसवाल तर बुडबुड्यांचा पडदा आड येतो. वेग वाढवत नेऊन कुठल्या आरपीएमला आवाज उसळतो ते पहिल्याच दिवशी बघा आणि पुढची सगळी पाहणी त्याच्या खालच्या वेगाने करा.

यानंतर गोळ्याची चाचणी. हिच्याशिवाय मिळालेला आकडा आकडाच नव्हे. 38.1 मिलिमीटर व्यासाचा टंगस्टन कार्बाइडचा गोळा तीन नायलॉन दोऱ्यांवर, बोटीच्या तीन बाजूंना लावलेल्या गळाच्या रिळांवरून ट्रान्सड्यूसरखाली सोडायचा. गोळा किती प्रतिध्वनी देतो हे आधीच माहीत असतं, यंत्र किती दाखवतं ते बघायचं आणि फरक दुरुस्त करायचा. गोळा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडा, नाहीतर त्याला बुडबुडे चिकटतात. गाठी बारीक ठेवा, जाड गाठ स्वतःच प्रतिध्वनी देते. गोळा बीमच्या चारही भागांतून फिरवा, नुसता मध्यावर धरून चालत नाही. कोकणात या कामाची खरी अडचण म्हणजे प्रवाह. उधाणाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी गोळा एका जागी राहतच नाही. म्हणून भांगाचा दिवस निवडा, 15 ते 20 मीटर पाणी असलेली एखाद्या डोंगराच्या आडोशाची जागा बघा, आणि भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं तो तासभर साधा. डिसेंबर-जानेवारीत मतलई वाऱ्यात पहाटेपासून दहापर्यंत समुद्र तेलासारखा असतो, तेव्हाच हे उरकून घ्या. मागच्या वेळेपेक्षा अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक आला तर आधी ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरचं शेवाळ आणि कालवं खरवडा, मग पुन्हा चाचणी. आपल्या पाण्यात पंधरा दिवसांत तोंड माखतं. आणि यंत्रात ध्वनीचा वेग कारखान्याहून आलेला राहिला नाही ना, ते बघा. तो बहुतेक वेळा थंड पाण्याचा असतो.

मार्ग आखताना किनाऱ्याला काटकोनात समांतर रेषा घ्या, कारण मासळी खोलीप्रमाणे बदलते आणि प्रत्येक रेषेने सगळ्या खोल्या ओलांडल्या पाहिजेत. किती रेषा पुरतील, याचा एक साधा अंदाज आहे: एकूण कापलेलं अंतर भागिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ, हे उत्तर सहाच्या खाली नको. समजा क्षेत्र उत्तर-दक्षिण 60 सागरी मैल आणि पूर्व-पश्चिम 40. क्षेत्रफळ 2400, वर्गमूळ 49. साडेसात मैलांवर एक अशा आठ रेषा घेतल्या तर 320 मैल होतात, गुणोत्तर साडेसहा. आठ नॉटला हे चाळीस तासांचं काम. पण मोजणी फक्त दिवसाची धरायची असल्यामुळे, मधले जोडमार्ग आणि जाळ्याच्या ओढी धरून सहा ते सात दिवस लागतात. इतकं करूनही त्रुटी साधारण वीस टक्के राहते, ती अहवालात लिहा. निघण्याआधी गावोगावच्या मच्छीमार सोसायट्यांना रेषा दाखवा. न्हाव्याची, म्हणजे माशाला आसात अडकवणारी, जाळी कुठे पसरलेली असतात, डोलीचे खुंट कुठे आहेत, खडप कुठे आहे, हे नकाशापेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं. न विचारता एखाद्याचं जाळं कापलंत तर त्या गावातून पुढची दहा वर्षं माहिती मिळणार नाही, आणि ते रास्तच आहे.

दिवसाच का? तारली-बांगडा दिवसा थव्यात असतात, रात्री विखरून वर येतात आणि वरच्या न ऐकू येणाऱ्या थरात शिरतात. रात्रीचा उपयोग वेगळा आहे: मासे सुटे झाले की एकेका माशाचा प्रतिध्वनी मोजता येतो, त्याबद्दल पुढे. वाकटीचं वेळापत्रक तर लहान-मोठ्याप्रमाणे उलटं असतं. मोठी वाकटी दिवसा वर येते आणि रात्री तळाला जाते, लहान वाकटी रात्री वर येते. तिच्यासाठी दिवस आणि रात्र दोन्हींच्या ओढी लागतात.

चित्रात थवा दिसला म्हणजे तो कोणाचा हे कळलं असं समजू नका. आकार बघून “हा बांगडाच” असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तारलीचा आणि बांगड्याचा थवा एकाच खोलीत, एकाच आकाराचा असू शकतो. थवा दिसल्यावर वळून शक्यतो अर्ध्या तासाच्या आत त्याच्यावर जाळं टाका. मधल्या पाण्याचा ट्रॉल नसेल तर त्या भागात काम करणाऱ्या पर्सिन किंवा न्हाव्याच्या बोटीचा नमुना त्याच दिवशी घ्या. मात्र न्हाव्याचं जाळं आपल्या आसाच्या (जाळ्याच्या भोकाच्या) मापाचाच मासा धरतं, त्याच्यावरून लांबीचं प्रमाण काढू नका.

लांबी इतकी महत्त्वाची का, ते एका हिशेबात कळेल. तारलीसारख्या माशांसाठी सर्रास वापरलं जाणारं सूत्र असं: एका माशाची प्रतिध्वनी-शक्ती = 20 × लॉग लांबी − 71.9 डेसिबल, लांबी सेंटिमीटरमध्ये. 15 सेंटिमीटरच्या तारलीला ती −48.4 येते. समजा एका मैलावर यंत्राने एकूण प्रतिध्वनी 400 चौरस मीटर प्रति चौरस सागरी मैल दाखवला. एका माशाचा वाटा डेसिबलमधून चौरस मीटरमध्ये आणून त्याने भागलं की चौरस मैलाला सुमारे 22 लाख मासे. एक मासा 35 ग्रॅमचा धरला तर 77 टन. आता नमुना चुकीचा होता, खरी लांबी 12 सेंटिमीटर होती असं समजा. शक्ती −50.3, मासे 34 लाख, पण एकाचं वजन 18 ग्रॅम, म्हणून एकूण 61 टन. तीन सेंटिमीटरच्या चुकीने मासे दीडपटीहून वाढले आणि वजन वीस टक्के घटलं. आणि सूत्रातलं 71.9 हे थंड समुद्रातल्या माशांवरून आलेलं आहे. ते तीन डेसिबलने चुकलं तर उत्तर दुप्पट किंवा निम्मं होतं. म्हणून रात्री सुट्या माशांवर हळू बोट चालवून स्वतःचा आकडा काढा, आणि तो निघेपर्यंत टनांपेक्षा प्रतिध्वनीचे आकडेच एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाशी ताडून बघा.

आता तळाचा ट्रॉल. यातलं मूळ मोजमाप म्हणजे जाळ्याने झाडलेलं क्षेत्र: गेलेलं अंतर गुणिले पंखांमधली (जाळ्याच्या तोंडाच्या दोन बाजूंमधली) रुंदी. बरेचजण हेड रोपची (तोंडाच्या वरच्या दोरीची) निम्मी लांबी रुंदी म्हणून धरून मोकळे होतात. ती बोटीवरच मोजता येते. दोन्ही वायरी ज्या कप्प्यांतून (पुलींतून) बाहेर पडतात तिथलं त्यांच्यातलं अंतर मोजा, मग वायरीवरून एक मीटर मागे जाऊन पुन्हा मोजा. समजा कप्प्याशी 4.00 मीटर, मागे 4.14. सोडलेली वायर 150 मीटर असेल तर फळ्यांमधलं (जाळ्याचं तोंड फाकवून धरणाऱ्या दोन फळ्यांमधलं) अंतर 4 + 0.14 × 150, म्हणजे 25 मीटर. जाळं पंखाच्या टोकापासून खोल्यापर्यंत (मासळी साठते त्या मागच्या पिशवीपर्यंत) 32 मीटर आणि फळीपासून पंखापर्यंतची दोरी 18 मीटर असेल, तर पंखांची रुंदी 25 × 32 ÷ 50 = 16 मीटर. यात एका सेंटिमीटरची चूक फळ्यांच्या अंतरात दीड मीटरची होते. तेव्हा लाकडी पट्टीला खाचा पाडून घ्या, तीनदा मोजा आणि डोलणाऱ्या बोटीवर मधला आकडा धरा.

तीन नॉटला एक तास, म्हणजे 5.56 किलोमीटर. 16 मीटरने गुणलं की 0.089 चौरस किलोमीटर. 120 किलो मासळी आली तर चौरस किलोमीटरला 1350 किलो. जाळ्याच्या वाटेतला निम्माच मासा सापडला असं धरलं तर 2700. हा “निम्मा” तुम्ही धरलेला आहे, मोजलेला नाही, हे स्पष्ट लिहा. सोबत ताशी किलो हा आकडाही द्या, कारण भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही मुंबईत मुख्यालय असलेली संस्था 1946 पासून काम करते आहे आणि तिच्या ट्रॉल पाहण्यांशी ताडून बघायला तोच सोयीचा. ओढीची वेळ मोजताना विंच थांबून जाळं तळावर बसल्यापासून विंच पुन्हा फिरेपर्यंतचीच धरा. वायर 20 मीटर पाण्यात खोलीच्या पाच-सहापट, 60 मीटरला चौपटीच्या आसपास. कमी सोडाल तर फळ्या उचलल्या जातात आणि फूट रोप (तोंडाची खालची दोरी) तळ सोडतो. फळीची खालची पट्टी घासून चकचकीत झाली नसेल तर ती ओढ रद्द समजा. रिकामी ओढ मात्र रद्द नव्हे. जाळं नीट चाललं आणि काही आलं नाही, तर शून्य लिहायचं. शून्यं गाळली की साठा फुगतो.

खोल्याच्या आसाबद्दल एक गोष्ट परवानगीची आहे. महाराष्ट्रात ट्रॉलच्या खोल्याला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस बंधनकारक आहे. साठा मोजायला लहान मासाही धरावा लागतो, म्हणजे आत बारीक आसाचं अस्तर लागतं. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्यव्यवसाय खात्याची लेखी परवानगी त्यासाठी आधी घ्या आणि मूळ प्रत बोटीवर ठेवा. 1 जून ते 31 जुलैच्या बंदीतही तेच.

डेकवर मासळी ओतली की आधी मोठे मासे, मुशी, पाकट बाजूला काढून पूर्ण मोजा. उरलेला ढीग फावड्याने नीट कालवून दोन-तीन क्रेट नमुना घ्या. ढिगाच्या वरून घेऊ नका: बारीक मासळी खाली झिरपते आणि वर मोठीच दिसते. प्रत्येक महत्त्वाच्या जातीचे निदान शंभर मासे मोजा, अर्ध्या सेंटिमीटरच्या खालच्या खुणेला.

तळ खडकाळ असेल तिथे ट्रॉलचा हट्ट सोडा. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरचा आंग्रिया बँक तुमच्या पट्ट्याच्या बाहेर आहे, पण कधी तिथवर गेलात तर प्रवाळावर ट्रॉल ओढणं हा जाळ्याचा आणि प्रवाळाचा दोघांचाही नाश आहे. तिथे ध्वनी आणि गळ.

आणि आता तुमचे न जुळणारे आकडे. ध्वनीचा आकडा तिप्पट-चौपट आला तर आधी महिना बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या किनाऱ्यावर तळाच्या पाण्यात प्राणवायू फार कमी होतो. पावसाळ्यात खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं आणि वरच्या कमी खारट पाण्याचं झाकण त्याच्यावर बसतं. तळाचे मासे अशा वेळी उचलून वर येतात किंवा उथळात सरकतात. ट्रॉल रिकामा येतो आणि मधल्या पाण्यात चित्र भरलेलं दिसतं. दोन्ही खरं सांगत असतात. प्रत्येक ओढीआधी तापमान, क्षारता आणि प्राणवायूचं यंत्र तळापर्यंत सोडलं असेल तर हे पाच मिनिटांत उलगडतं, नसेल तर कधीच नाही. महिना तो नसेल तर मग जवळा आणि जेलीफिश मोजले गेले का ते 38 आणि 120 ची चित्रं शेजारी ठेवून बघा. मग तळाची रेषा. यंत्राने उंचवट्यावर तळ चुकून मासा म्हणून धरला असेल तर एकट्या त्या मैलावर आकडा शेकडो पटींनी उसळतो. प्रत्येक मैलाचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि वरचे वीस डोळ्यांनी तपासा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. उलट, जाळ्याचा आकडा जास्त आला तर मासा तळाच्या शेवटच्या मीटरमध्ये होता किंवा बोटीच्या आवाजाने खाली दबला होता.

कच्चा डेटा दोन वेगळ्या डिस्कवर, रोज संध्याकाळी, बंदरात शिरण्याआधी. फाइलच्या नावात दिवस आणि रेषेचा क्रमांक, आणि वहीत त्याच वेळेशी जुळणारी नोंद: वारा, लाट, आरपीएम, कोणती बोट जवळून गेली. यंत्राचं आणि जीपीएसचं घड्याळ सकाळी एकदा मिळवून घ्या, दोन मिनिटांचा फरक राहिला तर आठ नॉटला थवा पाव मैलाहून जास्त सरकलेला दिसतो.